पदक कोणाला, बडतर्फी कोणाला

वसईच्या किल्ल्यातील पडक्या चर्चमध्ये पोर्तुगीज सरदारांच्या थडग्यांचे शिलालेख आजही आढळतात. 1534 ते 1739 या दोनशे वर्षांच्या अमलात या मंडळींनी आपला मानमरातब दगडात कोरून ठेवला. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, तेव्हा तहाप्रमाणे शिबंदीस हत्यारांनिशी, सन्मानाने बाहेर पडू देण्यात आले. लढाई हरली म्हणजे मानही गेला, असे त्या युद्धनीतीस वाटत नव्हते.

विसाव्या शतकातील सालाझारशाहीस मात्र तसे वाटत होते. डिसेंबर 1961 मध्ये भारतीय सेना गोव्याच्या सीमेवर उभी असताना लिस्बनहून गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वा यांना तार गेली. तिचा आशय असा, की तह नको, कैदी नकोत; सैनिक एक तर जिंकावेत, नाही तर मरावेत. गव्हर्नरांनी 19 डिसेंबर रोजी शरणागती पत्करली आणि तीन हजारांहून अधिक सैनिकांचे प्राण वाचले. त्याचे बक्षीस म्हणून 1963 साली त्यांना सैन्यातून बडतर्फ करण्यात आले. उलट, दीवच्या समुद्रात ‘व्हेगा’ या गस्ती नौकेवर प्राण गमावलेले तरुण अधिकारी ऑलिव्हेरा इ कार्मो यांना ‘मनोरा व तलवार’ हे देशातील मानाचे शौर्यचिन्ह मरणोत्तर मिळाले. हाच मान खुद्द सालाझार यांनाही लाभलेला होता!

कार्मो यांच्या धैर्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. विमानांपुढे एका लहानशा नौकेनिशी झुंजणे सोपे नव्हे. प्रश्न आहे तो त्या धैर्याचा उपयोग कोणी व कशासाठी केला, हा. पोर्तुगालने 1951 साली घटना बदलून ‘वसाहत’ हा शब्दच काढून टाकला आणि गोवा, दमण, दीव हे ‘सागरपार प्रांत’ ठरविले. कागदावरील या दाव्याला रक्ताची साक्ष हवी होती. आजच्या गुजरातमधील वलसाड जिल्ह्याला लागून असलेल्या दादरा येथे जुलै 1954 मध्ये मुक्तिसैनिकांशी लढताना मारले गेलेले पोलीस अधिकारी अनिसेतो दो रोझारिओ हे स्वतः गोमंतकीय. लिस्बनने त्यांना वीर ठरविले, यात नवल नाही. गोवेकर पोर्तुगालसाठी मरतो, हे जगाला दाखविता येत होते. त्याच गोव्यासाठी लढणारे मोहन रानडे मात्र 1955 पासून तुरुंगात होते. त्यांची सुटका व्हायला जानेवारी 1969 उजाडला.

एप्रिल 1974 मध्ये लिस्बनमधील लष्करी क्रांतीने ती राजवट उलथून टाकली. त्याच वर्षी व्हासालो इ सिल्वा यांना त्यांचा हुद्दा परत मिळाला. 1976 साली पोर्तुगालने स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्यांकरिता ‘स्वातंत्र्य’ या नावाचाच नवा सन्मान सुरू केला. रानडे यांना भारत सरकारने पद्मश्री दिली ती 2001 साली, सुटकेनंतर बत्तीस वर्षांनी.