खिशातली अजान

२०२५मध्ये मुंबईत भोंग्यांवरची बंधनं कडक झाली, तेव्हा माहीमच्या जुमा मशिदीसह काही मशिदींनी अजान थेट मोबाइलवर ऐकवणारं अ‍ॅप स्वीकारलं. नमाजाची अ‍ॅपं हा या अंकाचा विषय आम्हाला तिथेच सापडला.

नमाजाच्या वेळा सूर्यावर ठरतात, म्हणून अ‍ॅपच्या पोटात मुळात खगोलगणित असतं. पण गणित एकटं पुरत नाही. असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची वेळ घ्या. मध्यान्हीची सावली वजा करून वस्तूची सावली तिच्याइतकी झाली की शाफई पंथीयांची असर सुरू होते. हनफींची, ती दुप्पट झाल्यावर. फरक साधारण तासाभराचा. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई, घाटावरचे बहुतांशी हनफी. म्हणजे रत्नागिरीतल्या मुलीने लग्नानंतर सोलापुरात तेच अ‍ॅप उघडलं, तर सेटिंगमधली एक खूण बदलायची की नाही, हा तिच्या घरचा प्रश्न होतो. असे प्रश्न आम्हाला फार मोलाचे वाटतात.

नमाजानंतरचा जिक्र म्हणजे नामस्मरण, ३३ वेळा सुभानल्लाह, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह, ३४ वेळा अल्लाहु अकबर, बोटांच्या पेरांवर मोजतात, तसा आता अ‍ॅपमध्ये अंगठ्याच्या टिचकीवरही मोजला जातो. पेरं मात्र कुणाला माहिती विकत नाहीत. २०२० साली एका लोकप्रिय नमाज-अ‍ॅपच्या वापरकर्त्यांचा ठावठिकाणा अमेरिकी लष्कराच्या कंत्राटदारांपर्यंत पोचल्याच्या बातम्या आल्या होत्या. इबादतीची वेळ ही अत्यंत खासगी गोष्ट आहे, आणि तिच्या रक्षणाबद्दल आम्ही आग्रही आहोत.

या अंकात आम्ही अ‍ॅपांची क्रमवारी लावलेली नाही. ती वापरणाऱ्यांशी बोललो आहोत. तुमच्या घरात पहाटे फजरच्या नमाजाला कोण उठवतं, अम्मी की फोन? जरूर लिहून कळवा.