खोदलेल्या टेकडीचे देणे

रस्ता करावयाचा म्हटले की मुरूम लागतो. घर बांधावयाचे म्हटले की दगड आणि खडी लागते. ही सारी सामग्री डोंगराच्या पोटातून येते. गावाजवळच्या टेकडीवर कुदळी पडतात, यंत्रे चालतात आणि थोड्याच दिवसांत हिरव्या उतारावर एक तांबूस जखम दिसू लागते. पुढे काम संपते, गाड्या निघून जातात. जखम मात्र तशीच उघडी राहते. टेकडी मुळीच खोदू नये, असे कोणी म्हणणार नाही. घरे आणि रस्ते सर्वांनाच हवे आहेत. परंतु टेकडीकडून जे घेतले, त्याच्या बदल्यात तिला पुन्हा माती आणि हिरवळ देणे, हा त्याच कामाचा अखेरचा भाग होय. तो झाल्यावाचून काम पुरे झाले, असे मानता कामा नये.

“पाऊस पडला की उतार आपोआप हिरवा होईल,” असे पुष्कळांना वाटते. हा समज बरोबर नाही. डोंगरावरची माती खडक झिजून, पालापाचोळा कुजून आणि असंख्य सूक्ष्म जीवांच्या खटपटीने शेकडो वर्षांत तयार झालेली असते. यंत्र ती एका दिवसात काढून टाकते. खाली उरतो तो नुसता मुरूम. त्यात पाणी टिकत नाही. वनस्पतींचे पोषण करणारे नत्र जवळजवळ नसते. उन्हात तो तापतो. उतार उभा असेल तर खडे सारखे घसरत राहतात. पडलेले बी पहिल्याच सरीबरोबर वाहून जाते आणि चुकून उगवलेले रोप घसरत्या खड्यांखाली गाडले जाते. पावसाळ्यात हाच गाळ ओढ्यात, विहिरीत आणि शेतात उतरतो. टेकडी एकाने खोदावी आणि शेत दुसऱ्याचे बुजावे, यात न्याय कोठे आहे?

मग अशा उतारावर काहीच उगवत नाही काय? उगवते, पण त्यासाठी योजनापूर्वक श्रम करावे लागतात. हिमालयाच्या पायथ्याशी देहराडूनजवळ सहस्रधारा नावाचे ठिकाण आहे. त्या परिसरातील डोंगरांत चुनखडीच्या पुष्कळ खाणी होत्या. खाणींतील दगडमाती पावसाबरोबर खाली येई व ओढे भरून टाकी. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने तेथील अनेक खाणी बंद करण्याचा निकाल दिला. परंतु खाण बंद झाली म्हणजे डोंगर बरा झाला, असे होत नाही. देहराडूनच्या मृद व जलसंधारण संशोधन संस्थेने सहस्रधारेजवळची एक उजाड खाण हाती घेतली. तेथे दर हेक्टरमागे वर्षाला सुमारे ५५० टन गाळ वाहून जात असे. दहा वर्षांच्या प्रयत्नांनंतर ते प्रमाण सुमारे ८ टनांवर आले. शंभरांत दहा भाग असलेली हिरवळ ऐंशी भागांपर्यंत वाढली. पावसाळा सरल्यावर जो ओहळ पूर्वी सुमारे ६० दिवसांत आटत असे, तो पुढे २४० दिवस वाहू लागला.

हे कसे साधले? तेथे प्रथम पाण्याला आवर घातला गेला. घळींमध्ये तारेच्या जाळ्यांत दगड भरून बंधारे घातले. उतारावर तागाची जाळी अंथरून खडे जागच्या जागी धरले. मग गवत लावले आणि निर्गुडीसारखी चिवट झुडपे लावली. हाच क्रम कोठल्याही खोदलेल्या उताराला लागू पडतो. आधी उतार सौम्य करावा, त्याला पायऱ्या पाडाव्या, आडवे चर खणावे. नंतर गवत लावावे. वाळ्याची मुळे दोन-तीन मीटर खोल जातात आणि सैल खड्यांना घट्ट बांधून ठेवतात. गवतासोबत शेंगा येणाऱ्या वनस्पती पेराव्या; त्यांच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र जमिनीत आणतात. गवत कुजून थोडी माती झाली की झुडपे, आणि त्यानंतर मोठी झाडे. उघड्या मुरमात एकदम मोठ्या झाडांची रोपे लावून समारंभ करणे सोपे असते. पण चैत्राच्या उन्हात त्यांतील किती जगतील?

“यासाठी खर्च कोणी करावा?” असा प्रश्न कोणी विचारील. ज्याने मुरूम विकून पैसा मिळविला, त्याच्यावर हा भार पहिल्याने पडला पाहिजे. शिवाय खोदण्यापूर्वीच विचार केला, तर तो भार पुष्कळ हलका होतो. वरची माती आरंभीच काढून वेगळी रचून ठेवली आणि काम संपताच पुन्हा पसरली, तर शेकडो वर्षांचे धन वाया जात नाही. उलट हयगय केली, तर गाळ उपसण्याचा, दरड हटविण्याचा आणि आटलेल्या झऱ्यामुळे दुरून पाणी आणण्याचा खर्च साऱ्या गावाला वर्षानुवर्षे सोसावा लागतो.

शेजाऱ्याकडून आणलेले भांडे घासून-पुसून परत करावे, ही आपल्या घराघरांतील रीत आहे. टेकडीच्या बाबतीतही हीच रीत पाळावयास हवी. घेतलेला मुरूम परत देता येत नाही. पण उघड्या केलेल्या उतारावर गवताचे पांघरूण घालणे माणसाच्या हाती आहे. ते देणे जो फेडतो, त्यालाच टेकडीकडून काही घेण्याचा अधिकार आहे.