इतवाऱ्यातली मजुरी

तलाकवर आम्ही तासन्‌तास बोलतो. शाहबानो १९८५, शायराबानो २०१७. निकालांची सालं तोंडपाठ. हमीद दलवाईंनी १९६६ साली मुंबईत काढलेल्या सात महिलांच्या मोर्चावर परिसंवादही घेतो, बाजूने आणि विरोधातही. पण नांदेडच्या इतवाऱ्यात ब्लाउज शिवणाऱ्या, लातूरच्या गंजगोलाईत दिवसभर काउंटरवर उभ्या राहणाऱ्या आमच्या मुलींच्या पगारावर कधी बोललो? समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. ‘बाईमाणसाला एवढं पुरे’ म्हणणारे मालक काही परके नाहीत. जुम्म्याला आमच्याच शेजारी नमाजला उभे असतात. बीबी खदीजा व्यापारी होत्या, हे मिलादच्या जलशात सांगतो. बाईच्या कमाईत तिचा वाटा तिचाच, हे सूरह निसात वाचतो. दुकानात मात्र विसरतो!

आणि छळ झाला तर? दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानातली बाईसुद्धा २०१३ च्या कायद्याने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाऊ शकते. तक्रार लेखी हवी, तीही तीन महिन्यांच्या आत. तिच्यासोबत आमच्यापैकी कोण जाणार? की ‘खानदानची इज्जत’ म्हणून तिलाच घरी बसवणार? पुढच्या परिसंवादाआधी आम्ही आपापल्या दुकानांच्या पगारवह्या उघडाव्यात.