गाभोळीचा मासा सोडावा

माझे काका फौजेत होते. एकदा सुट्टी काढून ते जोडीदारांबरोबर काश्मीरात पहलगामजवळ लिद्दर नदीकाठी तंबू ठोकून राहिले. तिथे ट्राउट मासा मिळतो. तो मूळचा आपल्याकडचा नाही. १९०० सालाच्या सुमारास साहेबाने त्याची अंडी विलायतेहून आणवली. त्याला बर्फाचे गार पाणीच लागते. गळ टाकायला तिथे सरकारी परवाना लागतो. आणि थंडीत मासे अंडी घालतात, तेव्हा गळ टाकायला बंदी! काकांना दिवसभरात एकच मासा गावला.

आपल्याकडे उलटेच आहे. मिरगाचा पाऊस पडला की ओढ्याला चढणीचे मासे येतात. ते अंडी घालायलाच वर चढतात आणि आपण नेमके तेव्हाच धावतो. माझे बाबापण जातात. मी बॅटरी धरतो. गाभोळी मला फार आवडते, खोटे कशाला सांगू? पण गेल्या साली आईने एक मासा चिरला तर पोटात अंडीच अंडी. मी मोजायला बसलो, शंभराच्या पुढे चुकलो.

आजी म्हणते, "पावसात कालवणाला दुसरं काय असतं रे घरात?" हेही खरे आहे. म्हणून सगळेच मासे सोडा असे मी म्हणत नाही. पण पोट फुगलेली मादी हाताला लगेच कळते. तेवढी तरी सोडावी. आणि ओढ्यात पावडर टाकतात ते बंदच करावे, त्याने बारकी पिल्लेपण मरतात.

बाबांना सांगितले तर ते नुसते हसले. यंदा मी त्यांना सांगणार आहे, मादी सोडणार असाल तरच बॅटरी धरीन.