मान्युएल दे फाया आणि जिप्स्यांचें गाणें

संस्कृताचा थोडाफार व्यासंग असलेल्या गृहस्थाच्या कानीं युरोपांतील जिप्सी लोकांची बोली पडली, तर तो क्षणभर चकित होईल. त्यांच्या रोमानी भाषेंत पाण्यास ‘पानी’ आणि कानास ‘कान’ म्हणतात. स्पेनमधील त्यांच्या बोलीचें ‘कालो’ हें नांव तर आपल्या ‘काळा’ या शब्दाचें सख्खें भावंड आहे. या लोकांचे पूर्वज सुमारें एक हजार वर्षांपूर्वीं भारतवर्षांतून पश्चिमेकडे गेले, हें भाषाशास्त्रानें सिद्ध झालें आहे. जेथें जावें तेथें संशयाचे धनी झालेल्या या लोकांच्या गाण्यापुढें एक विद्वान् संगीतकार शिष्यभावानें बसला, त्याची ही हकीकत आहे.

मान्युएल दे फाया यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८७६ रोजीं स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरील कादिस या बंदरांत झाला. पियानोचे पहिले धडे मातोश्रींनीं दिले. पुढें माद्रिद येथें फेलीपे पेद्रेल हे गुरु लाभले. राष्ट्राचें संगीत त्याच्या लोकगीतांच्या पायावर उभें राहावें, हा पेद्रेल यांचा आग्रह शिष्यानें जन्मभर पाळला. फायांच्या ‘ला विदा ब्रेवे’, म्हणजे ‘अल्प आयुष्य’, या संगीत नाटकास १९०५ सालीं माद्रिदच्या अकादमीचें पारितोषिक मिळालें. परंतु तें रंगभूमीवर यावयास १९१३ साल उजाडलें, आणि तेंही फ्रान्समधील नीस शहरीं! घरच्या गुणांची ओळख बाहेरच्यांनीं करून द्यावी लागते, हा प्रकार केवळ आपल्याकडचाच नव्हे. पॅरिसमध्यें सात वर्षें देब्युसी, राव्हेल इत्यादिकांच्या सहवासांत घालवून ते १९१४ सालीं, महायुद्ध पेटतांच, स्वदेशीं परतले.

यानंतरचीं पांचसहा वर्षें त्यांच्या कीर्तीचीं. ‘एल आमोर ब्रूहो’ ही जिप्सी जीवनावरील नृत्यनाटिका १९१५ सालीं झाली. तिच्यांतील अग्निनृत्य पुढें जगभर वाजूं लागलें. १९१९ सालीं लंडनमध्यें ‘तिकोनी टोपी’चा प्रयोग झाला. पडदे पिकासोनें रंगविले होते. पण मातोश्रींचें दुखणें विकोपास गेल्याचें कळतांच फाया प्रयोग सोडून निघाले. तरीही मायलेकांची भेट झाली नाहीं.

ग्रानादा येथें बिऱ्हाड केल्यावर त्यांनीं जो उद्योग आरंभिला, तो मला त्यांच्या कोणत्याही रचनेइतकाच महत्त्वाचा वाटतो. अंदालुसिया प्रांतांत ‘कान्ते होन्दो’, म्हणजे ‘खोल गाणें’, या नांवाची एक प्राचीन गायनपद्धति आहे. तिच्यांत स्वर षड्जापासून धैवताच्या टप्प्यापलीकडे सहसा जात नाहीं. गायक एकाच स्वराभोंवतीं पुनःपुन्हा घोटाळतो, आणि अर्धस्वराहूनही सूक्ष्म अंतरांनीं घसरत जातो. पियानोच्या पट्ट्यांवर हें निघत नाहीं. मींड आणि श्रुति ज्यांच्या कानांत मुरल्या आहेत, त्या वाचकांस अधिक सांगणें नको. फायांनीं १९२२ सालच्या आपल्या निबंधांत या गाण्याचें हिंदी गाण्याशीं असलेलें साम्य स्पष्टपणें नोंदविलें आहे. तथापि तेवढ्यावरून तें गाणें मूळचें आपलेंच, असें म्हणण्याचा मोह आवरावा. ग्रीक ख्रिस्ती उपासनेंतील गायन आणि मूर लोकांचें संगीत हीं दोनही उगमस्थानें त्यांनीं सांगितलीं आहेत.

तें गाणें मद्यगृहांतून हिणकस होऊन लुप्त होईल, या भीतीनें फायांनीं कांहीं मित्रांसह जून १९२२ मध्यें आल्हांब्रा राजवाड्याच्या प्रांगणांत स्पर्धा भरविली. शिष्ट मंडळींपैकीं कित्येकांनीं नाकें मुरडलीं. धंदेवाईक गायकांस प्रवेश नव्हता. हा नियम मला पटत नाहीं. पोटासाठीं गाणाऱ्यांनींच पुष्कळदां विद्या जतन केली आहे. परंतु निकाल मोठा हृद्य लागला. बक्षीस मिळविणाऱ्यांत एक सत्तरीचा म्हातारा, ‘तेनासास’, आणि दुसरा मान्युएल ओर्तेगा नांवाचा बारा वर्षांचा पोर! तो पोर पुढें ‘काराकोल’ या नांवानें स्पेनभर गाजला.

या उपक्रमांत फेदेरिको गार्सिया लोर्का हा तरुण कवि फायांच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. ऑगस्ट १९३६ मध्यें यादवी युद्धाच्या आरंभीं त्यास ग्रानादांत अटक झाली. फाया प्रकृतीनें नाजूक, स्वभावानें भित्रे, धर्मानें कट्टर कॅथलिक. बंडखोर पक्ष तर धर्माचेंच नांव घेऊन उठलेला. तरीही ते रदबदलीसाठीं सरकारी कचेरींत गेले. उत्तर मिळालें तें इतकेंच, कीं उशीर झाला आहे.

१९३९ सालीं ते भगिनी मारिया देल कार्मेन हिच्यासह आर्जेन्टिनास गेले. फ्रँकोच्या सरकारानें निवृत्तिवेतन देऊं करून परत बोलाविलें. ते गेले नाहींत. आल्ता ग्रासिया या गांवीं १४ नोव्हेंबर १९४६ रोजीं, सत्तरी पुरी होण्यास नऊ दिवस उरले असतां, त्यांचा अंत झाला. ‘आत्लांतिदा’ या भव्य रचनेवर ते सुमारें वीस वर्षें खपत होते. ती अपुरीच राहिली. एर्नेस्तो हाल्फ्टर या शिष्यानें ती पुरी केली आणि १९६२ सालीं मिलानच्या रंगभूमीवर ती आली. तींत गुरूचें किती आणि शिष्याचें किती, हा वाद जाणकारांत अद्याप चालूं आहे.