रेशमाचा कारागीर

ऐतिहासिक कादंबरी म्हटली की राजसिंहासने, रणांगणे आणि तलवारींचा खणखणाट वाचकाच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. अलेस्सांद्रो मान्झोनी (१७८५–१८७३) या इटालियन लेखकाच्या ‘वाग्दत्त वधूवर’ या कादंबरीचा नायक मात्र रेशमाचा धागा काढणारा एक खेडूत कारागीर आहे. ही कादंबरी १८२७ साली प्रथम पूर्ण प्रसिद्ध झाली. पुढे फ्लॉरेन्सच्या चालत्याबोलत्या भाषेचा अभ्यास करून मान्झोनीने ती पुन्हा लिहिली आणि १८४० ते १८४२ या काळात नव्या रूपात छापली. तिच्यात सुभेदार आहेत, धर्मगुरू आहेत, सैन्येही आहेत; पण रेन्झोच्या झोपडीवर त्यांची सावली पडते तेवढ्यापुरतीच.

काळ १६२८ सालचा. मिलानचा प्रदेश तेव्हा स्पेनच्या अमलाखाली होता. कोमो सरोवराच्या काठच्या एका खेड्यात रेन्झोचा लुचियाशी विवाह ठरलेला असतो. परंतु दोन रोद्रिगो नावाच्या उन्मत्त सरदाराची दृष्टी लुचियावर पडते. त्याचे गुंड गावच्या भित्र्या पाद्र्याला वाटेत अडवून धमकावतात आणि विवाह थांबतो. रेन्झो न्याय मागण्यासाठी चार पुष्ट कोंबडे भेटीदाखल घेऊन वकिलाकडे निघतो. पाय बांधून उलटे लटकवलेले ते कोंबडे, रेन्झोचा संतापलेला हात हिसके देईल तसे हेलकावत असतात आणि त्या अवस्थेतही एकमेकांना चोची मारत असतात! प्रसंग विनोदी आहे. पण पुढील सारी कथा वाचताना हे कोंबडे आठवल्यावाचून राहत नाहीत. सरदाराचे नाव ऐकताच वकीलमहाशय रेन्झोला कोंबड्यांसह घराबाहेर काढतात, हे सांगायला नकोच.

गाव सोडून रेन्झो मिलानला पोहोचतो, तो नेमका दंग्याच्या दिवशी. लागोपाठ दोन वर्षे पीक बुडालेले. त्यात युद्धाचा भार. गव्हर्नर वेढ्यावर गेलेला, आणि त्याच्या जागी कारभार पाहणारा फेरेर पावाचा भाव ठरवून देतो. तो भाव गहू मापाला ३३ लिरा असता तर योग्य ठरला असता; बाजारात तर गहू ८० लिरांपर्यंत चढलेला! हुकूम काढल्याने धान्य पिकत नाही, ही साधी गोष्ट अधिकाऱ्याला उमगली नाही, आणि भुकेल्या लोकांना ती उमगावी अशी अपेक्षा करणे तर अन्यायाचेच. भटारखाने लुटले जातात. रस्त्यात पडलेले पाव रेन्झो उचलतो; मालक भेटला तर पैसे देईन, असे मनाशी ठरवूनच उचलतो. लोक एका अधिकाऱ्याच्या जिवावर उठतात, तेव्हा मात्र तो जाहीरपणे निषेध करतो. त्याबरोबर भोवतालची माणसे त्यालाच फितूर ठरवू पाहतात. तेवढ्यात गर्दीत दुसरी गडबड उडते आणि तो बचावतो. कादंबरीचे मर्म येथे आहे. गर्दीत शिरलेला सज्जन माणूस गर्दीपुढे किती निराधार असतो, हे मान्झोनीने येथे प्रथम दाखविले आहे.

पुढे राजाचे शिपाई मागे लागतात. आद्दा नदी ओलांडून रेन्झो बेर्गामोच्या मुलुखात, म्हणजे व्हेनिसच्या राज्यात पळतो. तेथे त्याच्या चुलतभावाच्या ओळखीने रेशमाच्या गिरणीत त्याला काम मिळते. हातातले कसब सरहद्दीवर हिरावून घेता येत नाही!

१६२९ साली मांतुआकडे निघालेल्या जर्मन सैन्याबरोबर प्लेग आला. आरंभी ‘प्लेग नाही’ असा शहराचा हट्ट होता. ज्या वैद्यांनी सत्य सांगितले त्यांच्यावर लोक धावून गेले. मग प्लेग नाकारणे अशक्य झाले, तेव्हा कोणीतरी भिंतींना विषारी लेप फासून तो पसरवीत आहे, अशी आवई उठली. १६३० साली लुचियाच्या शोधात रेन्झो पुन्हा मिलानला येतो. वाट विचारण्यापूर्वी तो आदराने डोक्यावरची टोपी काढतो, तर समोरचा गृहस्थ काठी उगारतो. टोपीत विषाची पूड असणार, अशी त्याची खात्री! हा गृहस्थ दुष्ट नव्हे. घरी जाऊन त्याने ही हकीकत सांगितली आणि आयुष्यभर तो ती खरी मानून सांगत राहिला. थोड्याच वेळात एका बाईच्या आरोळीने सारा रस्ता रेन्झोच्या मागे लागतो आणि प्रेते वाहणाऱ्यांच्या गाडीवर उडी मारून त्याला जीव वाचवावा लागतो.

गरिबांविषयी कळवळा असलेल्या लेखकाने गरिबांचीच अशी निर्भर्त्सना करावी, हे काहींना खटकेल. ही शंका अगदीच निराधार नाही. परंतु मान्झोनीने लोकांच्या अज्ञानापेक्षा न्यायासनावर बसलेल्यांना अधिक दोषी धरले आहे. याचा पुरावा त्याने कादंबरीच्या सुधारलेल्या आवृत्तीला जोडलेल्या दीर्घ निबंधात सापडतो. १६३० साली आरोग्य खात्यातील प्यात्सा नावाचा एक कर्मचारी भिंतीलगत चालताना भिंतीला हात पुसतो, असे खिडकीतून एका स्त्रीने पाहिले. तेवढ्यावरून त्याला धरले. यातनांपुढे हतबल होऊन त्याने मोरा नावाच्या न्हाव्याला गोवले. मोराकडूनही यातना देऊनच कबुली घेतली. दोघांचाही क्रूरपणे वध झाला. न्यायाधीश सुशिक्षित होते, कायदा जाणत होते. तपासात दिसणारी विसंगती त्यांना दिसत होती. त्यांनी ती पाहिली नाही, कारण शहराला अपराधी हवा होता.

मोराचे घर पाडून त्या जागी त्याच्या नावाला काळिमा लावणारा स्तंभ उभारण्यात आला. तो जवळजवळ दीडशे वर्षे, १७७८ सालापर्यंत, तेथे उभा होता.