प्रश्नावलीत नसलेला रकाना

काही वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी मी मोहल्ल्यात घरोघर फिरून सर्वेक्षण केले होते. हातात सहा पानांची प्रश्नावली. त्यात एक प्रश्न होता : बुरखा कोणाच्या सांगण्यावरून वापरता? पुढे चार पर्याय. पती, सासू-सासरे, वडील, मौलाना. एका वयस्कर खालांनी चारही पर्याय ऐकून घेतले आणि विचारले, "बेटा, इसमें मेरा नाम किधर है?"

मी 'इतर' या रकान्यात खूण केली आणि पुढच्या घरी गेलो. अहवालात त्या खाला कुठेच नाहीत.

खालांच्या या प्रश्नावर पाश्चात्त्य विद्यापीठांत एक अख्खी विचारधारा उभी आहे, हे मला फार उशिरा कळले. केनेथ गर्गेन यांनी १९८० च्या दशकात मानसशास्त्रात ही मांडणी जोरकसपणे केली. पुढे शीला मॅकनामी आणि डायान मेरी होस्किंग यांनी २०१२ मध्ये सामाजिक संशोधन आणि परिवर्तन यांवर या दृष्टीने पुस्तकच लिहिले. नाव जड आहे, संबंधाधिष्ठित रचनावाद. म्हणणे मात्र साधे आहे. समाजाचे वास्तव फडताळात ठेवलेल्या भांड्यासारखे नसते की संशोधकाने यावे आणि मोजून जावे. विचारणारा आणि उत्तर देणारा यांच्यातल्या नात्यातून ते घडत असते. दारात परका पुरुष हातात कागद घेऊन उभा आहे, आत सासू ऐकते आहे. अशा वेळी जे उत्तर मिळते ते त्या बाईचे एकटीचे नसते. त्यात मी असतो, सासू असते, प्रश्न तयार करणारा साहेबही असतो. म्हणून प्रश्न विचारणे हीच एक कृती आहे. तिने माणसे मोकळी होतात, नाहीतर आक्रसतात.

आता कोणी म्हणेल, म्हणजे आकडेवारी खोटी? मला हे अजिबात मान्य नाही. २००६ मध्ये न्या. राजिंदर सच्चर समितीचा अहवाल आला. मुसलमानांची मुले मदरशातच शिकतात, असे सर्रास बोलले जाई. समितीने दाखवले की शाळेत जाण्याच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम तीन-चार टक्के मुले मदरशात जातात. हा आकडा नसता तर आपण आजही तोंडी वाद घालत बसलो असतो. पण एक गोष्ट लोक विसरतात. ही समिती राज्याराज्यांत जाऊन लोकांशी बोलली होती. त्या बोलण्यातून ओळख, सुरक्षितता आणि समान संधी या तीन चिंता पुढे आल्या आणि अहवालात लोकांच्या म्हणण्याला स्वतंत्र प्रकरण मिळाले. त्या अहवालाचे वजन मला दोन्हींत दिसते.

खरे नुकसान होते ते मूल्यमापनात. त्याच मोहल्ल्यात एक शिवणवर्ग चालायचा. दोन वर्षांनी मूल्यमापनाला पाहुणे आले. किती जणी शिकल्या, किती जणी कमावतात, एवढेच विचारले. कमावणाऱ्या थोड्याच निघाल्या. तयार कपड्यांच्या जमान्यात फॉल-पिकोवर घर कसे चालणार? उपक्रम अयशस्वी ठरला, मशीन उचलून नेल्या. वर्ग बंद झाल्यावर बायकांशी बोललो तेव्हा एक म्हणाली, दोन वर्षांत मी पहिल्यांदा एकटी बँकेत गेले. दुसरीने मुलीची सोयरीक एक वर्ष पुढे ढकलली होती, कारण वर्गातल्या चार जणींनी तिच्या घरी जाऊन समजावले होते. यासाठी त्या पाहुण्यांकडे रकाना नव्हता. रकाना नाही म्हणून पैसा नाही, आणि पैसा नाही म्हणून ती बसायची जागाही गेली.

याला पर्याय नाही असे नाही. १९९० च्या दशकात बांगलादेशात रिक डेव्हिस यांनी एका ग्रामीण विकास कार्यक्रमात वेगळी पद्धत वापरली. ठरावीक निर्देशांक बाजूला ठेवून लोकांनाच विचारायचे की तुमच्या आयुष्यात सर्वांत महत्त्वाचा बदल कोणता. मग त्या हकिकतींतून निवड करायची, आणि हीच का निवडली ते कारण लिहून पुन्हा खाली पोहोचवायचे. मला यातली शेवटची पायरी फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे अहवाल वर जातो तो परत कधी येत नाही.

आणि हो, बोट फक्त संस्थांकडे दाखवून भागणार नाही. मोहल्ल्यात बैठक बोलवा, पुढे सफेद दाढीवाले चार बुजुर्ग बसतात आणि "हमारी औरतों को कोई शिकायत नहीं" असे सांगून मोकळे होतात. हेही रकाने भरणेच आहे, फक्त पेन आपल्या हातात. लोकांसोबत बसून प्रश्न ठरवायचे तर त्या लोकांत कोण कोण येते, हे आधी आपल्याच दारात विचारावे लागेल.

सध्या आम्ही काही जण त्याच मोहल्ल्यात नव्या पाहणीची तयारी करतो आहोत. यंदा प्रश्न बायकांनी सुचवायचे, पुरुषांनी बैठकीत बसायचे नाही, मीही नाही. पहिल्या बैठकीतून चिठ्ठी आली. तिच्यावरचा पहिला प्रश्न होता : घर कोणाच्या नावावर आहे? पर्याय अजून ठरायचेत. रविवारी त्या पुन्हा बसणार आहेत.